तांब्याची नळी आणि नौकेची सुरक्षितता



पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर नौका ओढून शाकारल्या जातात. जाळी दुरुस्त करणे, फळ्यांच्या फटी बुजविणे, रंग देणे ही कामे सर्वांच्या नजरेत भरतात. इंधनटाकीपासून इंजिनापर्यंत जाणारी तांब्याची बारीक नळी मात्र सहसा दुर्लक्षित राहते. तिला केसाएवढी चीर पडली, तरी तीतून हवा आत शिरते, डिझेलचा प्रवाह तुटतो आणि भर समुद्रात इंजिन बंद पडते. डिझेल गळून तापलेल्या इंजिनावर पडल्यास आगीचे भय असते, ते वेगळेच.

ही चीर का पडते? तांबे मूळचे मऊ असते, परंतु वाकविल्याने वा ठोकल्याने ते कठीण होते. अशा कठीण नळीला इंजिनाची कंपने सतत बसत राहिली, की वाकणापाशी ती तडकते. तांब्याचा हा स्वभाव पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ओळखून आहेत. ठोकून कठीण झालेले भांडे ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ करतात. या क्रियेस धातुशास्त्रात अनुशीतन म्हणतात.

नळीच्या बाबतीतही हेच करावयाचे असते. नळी नौकेवरून उतरवावी, डिझेल पूर्ण काढून ती आतून धुवावी व वाळवावी. नंतर दोन्ही तोंडे उघडी ठेवून सावलीत तापवावी, म्हणजे मंद लाल रंग नीट दिसतो. तांबे सुमारे १,०८५ अंश सेल्सिअसला वितळते. ते मऊ होण्यास ५०० ते ६५० अंश पुरेसे असतात. जास्त तापविल्यास धातू दुबळा होतो. पोलादाप्रमाणे तांबे पाण्यात बुडविल्याने कठीण होत नाही. म्हणून ते पाण्यात वा हवेत, कसेही थंड केले तरी चालते.

नळी निवाल्यावर तीत कोरडी बारीक वाळू गच्च भरून दोन्ही टोके बुचांनी बंद करावीत आणि गोल साच्याभोवती ती हळूहळू वाकवावी. वाळूमुळे नळी चपटी होत नाही. मध्येच ती ताठर लागली, तर जोर करू नये. वाळू काढून पुन्हा मऊ करावी. शेवटी आतील काळा थर व वाळूचा कण न् कण काढावा, कारण एक कणही इंधनपंप निकामी करू शकतो. बसविताना नळीला जागोजागी पकडी द्याव्यात आणि इंजिनाजवळ इंधनासाठीच बनविलेला लवचीक तुकडा जोडावा. चिरलेली नळी मात्र तापविल्याने सांधत नाही. ती बदललीच पाहिजे.

शासनाच्या मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण केंद्रांतून सागरी डिझेल इंजिनाच्या देखभालीचे शिक्षण दिले जाते. किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी आणि शिक्षकांनी जाणत्या कारागिरांकरवी या कामाचे एखादे प्रात्यक्षिक नारळी पौर्णिमेपूर्वी गावातच घडवून आणावे. खर्च थोडा आहे; पण नौकेवरील प्रत्येक माणसाचे सुखरूप परतणे त्यावर अवलंबून आहे.