‘बारोमास’ आणि आम्ही प्राध्यापक

(वाशीम येथे वाचकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संक्षेप)



अर्थशास्त्राच्या माणसाला कादंबरीवर बोलावयास बोलाविले, हे संयोजकांचे धाडसच म्हटले पाहिजे. मी समीक्षक नाही. तीन तपांहून अधिक काळ मी शेतीचे अर्थशास्त्र शिकविले, आणि त्या काळात कादंबऱ्या वाचल्या त्या प्रवासात, काहीशा अपराधी मनाने. अहवाल बाजूला ठेवून आपण चैन करीत आहोत असे वाटे. निवृत्तीनंतर ती भीड गेली, आणि जी कादंबरी मी फार पूर्वीच वाचावयास हवी होती ती उशिराने हाती आली. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’.

ही कादंबरी २००२ साली प्रसिद्ध झाली आणि २००४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लेखक शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातले. आपल्या वाशीमच्या नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला तो मान त्याआधीच, १९९५ साली मिळाला होता; तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यातच मोडत होते. म्हणजे आपल्या या कोरडवाहू पट्ट्याने मराठीला कापूस आणि सोयाबीनखेरीज आणखीही काही दिले आहे. आम्ही अर्थशास्त्राच्या मंडळींनी मात्र त्याची नोंद घेतली नाही.

मला प्रथम खटकले ते माझेच अज्ञान. सहकारी कर्ज, सावकारी कर्ज, उत्पादक कर्ज, अनुत्पादक कर्ज असे रकाने मी वर्षानुवर्षे फळ्यावर आखले. कापूस एकाधिकार खरेदी योजना का आली, का मोडली, हे सांगितले. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्यांत आपला जिल्हा होता, आणि त्या आकड्यांची फोड करून सांगत मी गावोगाव हिंडलो. या कादंबरीतला एकनाथ एम. ए., बी. एड. झालेला शेतकऱ्याचा मुलगा आहे. त्याला शिक्षकाची नोकरी हवी आहे, आणि नोकरीसाठी संस्थाचालकांना पैसा द्यावयास हवा. तो पैसा माझ्या कोणत्या रकान्यात बसतो? तो बियाण्याला गेला नाही, लग्नाला गेला नाही, दारूला तर नाहीच. शेतीतून मोठ्या कष्टाने जे काही शिल्लक पडेल, ते शेतीतून बाहेर पडण्याची किंमत म्हणून मोजावयाचे आणि तेही न पुरल्यामुळे शेतीतच राहावयाचे, हा व्यवहार माझ्या तक्त्यांत नव्हता. शेतमालाला रास्त भाव मिळत नाही, हे आपण सभांतून सांगतो आणि ते खरेच आहे. पण जो थोडाबहुत भाव हाती येतो तो पुढे कोणाच्या तिजोरीत जातो, याविषयी आपण गप्प असतो. पुष्कळ संस्थाचालक आपल्याच ओळखीचे, कधी आपल्याच व्यासपीठावरचे असतात, हे त्याचे कारण.

आता थोडे स्वतःविषयी बोलणे भाग आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एका संस्थेच्या निवड समितीवर विषयतज्ज्ञ म्हणून मला बोलावणे आले. संस्थेचे नाव सांगत नाही. ते सांगून माझा भाग कमी होत नाही. मुलाखती सुरू होण्यापूर्वीच चहाबरोबर एक नाव माझ्या कानावर घालण्यात आले. उमेदवारांत माझा एक जुना विद्यार्थी होता, आणि त्या सर्वांत तोच सरस होता. मी त्याला दोन कठीण प्रश्न विचारले. त्याने उत्तम उत्तरे दिली. मी मान डोलावली, आणि मग ठरलेल्या नावापुढे सही केली. गाडीभाड्याची पावतीही सही करून घेतली. ‘आपण अडून तरी काय होणार होते’ असे मनाशी म्हणत बसस्थानकावर आलो. ‘बारोमास’ वाचताना मला एकनाथ भेटला नाही, मला तो कागद भेटला.

कादंबरीविषयी माझ्या तक्रारी आहेतच. एकनाथची पत्नी अलका शहरी वळणाची आहे. शेतकऱ्याच्या घरात तिचा जीव रमत नाही आणि ती माहेरी जाते. मला तिची बाजू अधिक ऐकावयाची होती. उद्धव शेळके यांनी १९६० साली ‘धग’मध्ये कौतिक उभी केली, नवऱ्याचा संसार एकटीच्या पाठीवर वाहणारी ती बाई वऱ्हाडच्या मातीतलीच. तिच्या मनाचा तळ जसा दिसतो तसा अलकेचा दिसत नाही. दुसरे असे की, ही व्यथा मुख्यतः जमीन असलेल्या घराची आहे. ज्याच्याजवळ विकावयास तुकडाही नाही, त्याची गोष्ट जाणण्यासाठी पुन्हा नामदेव कांबळे यांच्याकडेच गेले पाहिजे. ही दोन पुस्तके अभ्यासवर्गात शेजारी शेजारी ठेवून वाचा, असा माझा आग्रह राहील. कार्यकर्त्याला शेतकरी आणि शेतमजूर यांची एकजूट पत्रकात सहज लिहिता येते. ती किती अवघड आहे हे ही पुस्तके दाखवितात.

धाकटा भाऊ मधू गुप्तधनाच्या नादी लागतो, तो भाग वाचताना काही मित्र हसले. मला हसू आले नाही. शिक्षणाचा मार्ग पैशाने अडविला, शेतीचा पावसाने आणि भावाने अडविला, तर माणूस जमीन उकरून हंडा शोधू लागणारच.

हे पुस्तक मला कोणी दिले तेही सांगतो. ज्याच्या विरुद्ध मी सही केली तो विद्यार्थी आज खते-बियाण्यांचे दुकान चालवितो. सोयाबीनच्या पेरणीच्या दिवसांत मी तेथे सहज गेलो असता, गल्ल्याच्या मागच्या फळीवरून त्याने ही प्रत काढून माझ्या हाती ठेवली. “सर, सवडीनं वाचा,” एवढेच म्हणाला. त्या मुलाखतीत काय घडले ते त्याला ठाऊक आहे की नाही, मी कधी विचारले नाही. दोन महिन्यांनी प्रत परत करावयास गेलो तेव्हा दुकानात गर्दी होती. गिऱ्हाइकाचे बिल करता करता त्याने विचारले, “कशी वाटली, सर?” मी म्हणालो, “चांगली आहे.” आणि घरी आलो.