नामचेची दुसरी रात्र



वर्षाची रजा काटकसरीने साठवून एव्हरेस्टच्या तळछावणीपर्यंत पदयात्रा करू इच्छिणारी पुष्कळ मराठी मंडळी माझ्याकडे प्रकृतीची तपासणी करून घेण्यासाठी येतात. त्यांतील बहुतेकांनी राजगड-तोरणा पायांखाली घातलेले असतात, कळसूबाईचा माथा गाठलेला असतो. म्हणून कार्यक्रमपत्रिकेत तिसऱ्या दिवसापुढे ‘नामचे बाजार : विश्रांती’ असे वाचले, की धडधाकट माणसाने वाटेत एक दिवस का दवडावा, आणि तो वगळून रजेचा एक दिवस वाचवता येणार नाही काय, हा प्रश्न ठरलेला असतो. आज मी त्या एका दिवसाची वकिली करणार आहे.

कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. तेथे दमछाक होते ती चढाने, विरळ हवेने नव्हे. विरळ हवेचा विकार सामान्यतः २,५०० मीटरच्या वर डोके काढू लागतो, आणि त्या बाबतीत सह्याद्रीची सारी तालीम उपयोगी पडत नाही. लुक्ला येथे २,८६० मीटरवर विमानातून उतरलेला यात्रिक पहिली रात्र २,६१० मीटरवरील फाकडिंगला काढतो, आणि दुसऱ्या दिवशी दूधकोसी नदीवरचे झुलते पूल ओलांडून, अखेरचा तो न संपणारा चढ चढून, ३,४४० मीटरवरील नामचेला येऊन पडतो. म्हणजे निजण्याची जागा एका दिवसात ८३० मीटरांनी वर गेली. आणि वैद्यकाचा शिरस्ता असा, की ३,००० मीटरच्या पुढे ती एका रात्रीत ५०० मीटरांहून अधिक चढू नये. तेव्हा नामचेची दुसरी रात्र ही चैन नसून, पहिल्या रात्री उचललेल्या कर्जाची फेड आहे.

ही फेड शरीर कशी करते, ते ऐकण्यासारखे आहे. प्राणवायू कमी पडताच श्वास जलद आणि खोल होतो. पण त्यामुळे कर्बवायू अधिक बाहेर टाकला जाऊन रक्ताची अल्कता वाढते, आणि ती वाढलेली अल्कताच श्वासाला लगाम घालते. हा लगाम सैल करण्याचे काम मूत्रपिंडांकडे असते, ती जादा क्षार लघवीवाटे काढून टाकतात, आणि या कामाला एकदोन दिवस तरी लागतातच. येथे वारंवार लघवीला जावे लागले तर घाबरू नये, कारभार सुरळीत चालला असल्याचीच ती खूण आहे. झोपेत श्वास आणखी मंदावतो, मध्येच क्षणभर थांबतोही, आणि रक्तातील प्राणवायू दिवसापेक्षा खाली उतरतो. म्हणूनच दिवसा किती वर गेलो यापेक्षा रात्री कोठे निजलो याला महत्त्व आहे.

मग हा विश्रांतीचा दिवस पांघरुणात काढावा काय? मुळीच नाही. सकाळी पाठीवरचे ओझे खोलीत ठेवून, पाणी आणि एक उबदार कपडा तेवढा घेऊन, नालेच्या आकारात वसलेल्या त्या गावाच्या पायऱ्या चढू लागावे. स्यांगबोचेच्या धावपट्टीपर्यंत, आणि प्रकृती साथ देत असेल तर त्याही पुढे ३,८८० मीटरवर, जेथून आमा दबलाम, ल्होत्से आणि त्यामागून डोकावणारे एव्हरेस्ट एकाच दृष्टिक्षेपात दिसतात, तेथवर जाऊन यावे. चाल अशी असावी, की शेजाऱ्याशी बोलताना वाक्य तुटू नये. तेथले वाटाडे ‘बिस्तारै, बिस्तारै’, म्हणजे हळूहळू, म्हणतात, तो शब्द मला कोणत्याही औषधाच्या चिठ्ठीपेक्षा मोलाचा वाटतो. वर घटकाभर बसावे, डोळे भरून पाहावे, आणि दुपारी जेवणाला नामचेत परतावे. दिवसा उंच चढून रात्री खाली निजणे, हीच येथली विश्रांती. भूक नसली तरी डाळभात खावा, मद्य आणि झोपेच्या गोळ्या यांना स्पर्श करू नये. ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी मूत्रपिंडांच्या त्याच कामाला हातभार लावते, परंतु ती आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. आणि ती घेतली म्हणून हा दिवस गाळण्याची मुभा मिळत नाही.

पीटर हॅकेट आणि ड्रमंड रेनी या डॉक्टरांनी याच वाटेवरील फेरिचे येथे २७८ पदयात्रिकांची पाहणी करून ती १९७६ साली प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक लोकांना विरळ हवेचा विकार जडलेला आढळला. त्यांत तरुणांचे, विमानाने लुक्लाला उतरलेल्यांचे आणि वाटेत कमी रात्री मुक्काम केलेल्यांचे प्रमाण अधिक होते. पाठीवर ओझे होते की नव्हते, याने काही फरक पडला नव्हता.

सायंकाळी प्रत्येक सोबत्याची विचारपूस करा. डोकेदुखी, आणि तिच्या जोडीला मळमळ, अन्नावर अनिच्छा किंवा विलक्षण ग्लानी असेल, तर दुसऱ्या दिवशी पुढे कूच करू नये. टाचेला बोट लावीत सरळ रेषेत चालता येत नसेल, बोलण्यात असंबद्धता आली असेल, अथवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर पहाटेची वाट न पाहता, सोबत देऊन, त्या माणसाला रात्रीच खाली न्यावे.

मी स्वतः या वाटेवर असताना आमच्या तुकडीत सर्वांत लहान असलेल्या एका तरुणाने डोकेदुखी दिवसभर लपविली होती. रजा मोजकी होती आणि आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होईल याची त्याला भीती वाटत होती. जेवणाचे ताट तसेच राहिलेले पाहून मी खोदून विचारले, तेव्हा तो बोलला. रेषेवर तो नीट चालत होता. आम्ही तिसरी रात्रही नामचेलाच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतः होऊन आणखी एक वाटी भात मागून घेतला, आणि त्यानंतरच्या सकाळी आम्ही सारे मिळून तेंगबोचेच्या वाटेला लागलो.