पंखा बंद करा, मग माइक घ्या

"दादा, तुझा माइक कोणता?" हा प्रश्न दर भागानंतर येतोच. आज उत्तर देतो, पण आधी माझी चूक ऐका.

तीन वर्षांपूर्वी आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्यात आमच्याकडे आली होती. आजी पाटण तालुक्यातली. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन आलेली. ती रात्र तिच्याच तोंडून रेकॉर्ड करायची असं मी ठरवलं. मी पडलो बीटेकवाला! स्पेसिफिकेशन वाचून सगळ्यात सेन्सिटिव्ह दिसला तो कंडेन्सर माइक घेतला, सोबत ऑडिओ इंटरफेस. हॉलमध्ये टेबलावर, आजीपासून दोन फुटांवर ठेवला. आजी चाळीस मिनिटं बोलली.

संध्याकाळी हेडफोन लावला. पंखा, रिक्षांचे हॉर्न, शेजारचा कुकर, आणि उघड्या भिंतींवरून परत येणारा घुमारा. आजी त्या सगळ्याच्या मागे कुठेतरी. "आजी, परत सांगशील?" विचारलं, तर म्हणाली, "एकदा सांगितलं ना बाळा. सारखं नाही सांगवत रे."

तर आता कामाचं बोलू.

पहिली खोली. गादी, रजई, जाड पडदे, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, हे सगळं घुमारा खातं. भिंतीला चिकटवायचा पातळ फोम बाहेरचे हॉर्न अडवत नाही, त्यासाठी पैसे घालवू नका.

दुसरं अंतर. तोंड आणि माइकमधलं अंतर निम्मं केलं, की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलनं वाढतो. पंख्याचा आहे तेवढाच राहतो. म्हणजे दोन फुटांवरून सहा इंचांवर आलात तर १२ डेसिबल फुकटात! फक्त माइक थोडा तिरका धरा, नाहीतर 'प' आणि 'फ' चे फटके बसतात.

मग माइक. खोली शांत असेल तर कंडेन्सर छान, बारीकसारीक सगळं टिपतो. पण त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, ती इंटरफेसमधून मिळते. रस्त्याकडेच्या फ्लॅटसाठी मी डायनॅमिक सांगेन. तो काही जादूनं गोंगाट गाळत नाही. कमी सेन्सिटिव्ह असल्यामुळे तोंडाजवळ आणावाच लागतो, खरा फायदा तिथे आहे. बजेट कमी असेल तर सॅमसन क्यू२यू बघा. यूएसबी आणि एक्सएलआर दोन्ही आहे, म्हणजे आज लॅपटॉपला थेट जोडा, उद्या इंटरफेसला. स्टेजवर सगळीकडे दिसणारा शुअर एसएम५८ तर १९६६ पासून आहे, तोही घरी मस्त चालतो.

शेवटी प्रीअँप. तो इंटरफेसच्या आत असतोच, वेगळा घ्यायची घाई नको. अडचण येते ती शुअर एसएम७बी सारख्या माइकला. त्याला निदान ६० डेसिबल गेन लागतो, आणि स्वस्त इंटरफेसचा नॉब शेवटपर्यंत फिरवला की बऱ्याचदा 'स्स्स' ऐकू येतं. यूट्यूबवर बघून तोच माइक घेतला, की मागून बूस्टरचा खर्चही येतो. गेन लावताना सगळ्यात मोठ्यानं बोला आणि मीटर उणे १२ च्या आसपास ठेवा.

गेल्या दिवाळीत गावी डायनॅमिक माइक घेऊन गेलो. गादीवर बसलो, पंखा बंद, माइक आजीच्या हनुवटीजवळ. भूकंपाचं तिनं काढलंच नाही. धरणाचं काम चालू होतं तेव्हाचं सांगत बसली. शब्दन् शब्द स्वच्छ आलाय. आणि ती कुकरवाली फाइल? तीन ठिकाणी बॅकअप करून ठेवलीय, कारण भूकंपाची ती एकच आहे.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर माइकच्या सेलची वाट बघू नका. आज रात्री पंखा बंद करा, मोबाइल त्यांच्यापासून वीतभर अंतरावर धरा आणि विचारा. माइक नंतर घेता येईल.

चला, भेटू पुढच्या भागात!