शरीराकडे पाहायला शिकवणारे गुरुजी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्ही ज्यांची आठवण काढणार आहोत ते बौद्ध नव्हते, आपल्या चळवळीतलेही नव्हते. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार. सारे त्यांना गुरुजी म्हणत. २० ऑगस्ट २०१४ रोजी वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले. आम्ही त्यांच्यासमोर बसून शिकलेलो नाही. त्यांच्या शिष्यांच्या शिष्यांकडून शिकलो. पण आपल्या विहारात पहाटे जो वर्ग चालतो, त्याचं मूळ त्यांच्यापाशी आहे, म्हणून ही कृतज्ञता.

वर्ग सुरू करायचं ठरलं तेव्हा एक ज्येष्ठ उपासक उभे राहिले आणि म्हणाले, "बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या काय विहारात ओंकार म्हणायला?" प्रश्न रास्त होता. आम्ही तो हसण्यावारी नेला नाही. गुरुजी स्वतः श्रद्धाळू वैष्णव, त्यांच्या वर्गाची सुरुवात पतंजलीच्या वंदनेने होई. आम्ही ठरवलं, आपला वर्ग त्रिसरण-पंचशीलाने सुरू होईल. घ्यायचं ते शरीराचं ज्ञान. बाकीचं त्यांचं त्यांच्यापाशी.

आता हे ज्ञान कुठून आलं ते ऐका. गुरुजींचा जन्म १४ डिसेंबर १९१८ चा, कर्नाटकातल्या बेळ्ळूरचा. इन्फ्लुएंझाच्या साथीचे ते दिवस, आईलाही तो ताप आलेला. पोर जन्मतःच अशक्त. पुढे मलेरिया, टायफॉइड, क्षय. नऊ वर्षांचे असताना वडील गेले. मैसूरला मेहुण्यांकडे, कृष्णम्माचार्यांकडे, ते आसने शिकले. १९३७ साली अठराव्या वर्षी डेक्कन जिमखान्यावर शिकवायला पुण्याला आले. मॅट्रिक नापास, मराठी येत नाही, कित्येक दिवस अर्धपोटी. पुढे १९५२ साली यहुदी मेन्युहिन हे जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक त्यांचे शिष्य झाले आणि परदेशाची दारं उघडली. १९६६ साली इंग्रजी ग्रंथ आला, तोच मराठीत 'योगदीपिका'. पत्नी रमामणी १९७३ साली वारल्या, त्यांच्या नावाने १९७५ साली शिवाजीनगरला संस्था उभी राहिली.

पण आमच्या लेखी त्यांची थोरवी ग्रंथात नाही, खुर्चीत आहे. हो, साध्या लोखंडी खुर्चीत! ज्याला वाकता येत नाही त्याला त्यांनी "तू नालायक" म्हणून परत पाठवलं नाही. त्याच्या हाताखाली वीट ठेवली, पायाला पट्टा दिला, खिडकीला दोर बांधला, पाठीखाली लोड सरकवला. स्वतःचं शरीर एकेकाळी काही ऐकत नव्हतं, म्हणून दुसऱ्याच्या अडलेल्या सांध्याची भाषा त्यांना कळली. दार अरुंद असेल तर माणसाला कापायचं नाही, दार रुंद करायचं. ही शिकवण आपल्याला कोणी वेगळी समजावून सांगायला नको.

बंधू-भगिनींनो, आपल्या शरीराचा इतिहास आठवा. आपल्या आज्या-पणज्यांनी आयुष्यभर उसाच्या मोळ्या वाहिल्या, दुसऱ्याच्या रानात खुरपलं. पणजोबा गावकीची कामं करत, सांगावे पोचवत, साहेबाच्या घोड्यापुढे धावत. पाय आपले, पण वाट दुसऱ्याच्या हुकमाची. शरीर म्हणजे राबायचं अवजार. दुखलं तरी सांगायचं नाही, कारण मजुरी बुडते. आजही पन्नाशीच्या बाईला विचारलं, "मावशी, कंबर कशी आहे?" तर ती म्हणते, "चालायचंच!"

भगवान बुद्धांनी सतिपट्ठानात पहिली पायरी सांगितली ती कायानुपस्सनेची. चालताना चालतो आहे, उभे असताना उभा आहे, बसताना, झोपतानाही जाणीव ठेवायची. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: प्रवासाची ताकद, परिश्रमाची ताकद, निरोगीपण, अन्न नीट पचणे आणि टिकणारी समाधी. म्हणजे पाय आणि मन वेगळे नाहीत. ज्यांचे पूर्वज हुकमाने धावले, त्यांनी विहाराच्या अंगणात स्वतःसाठी सावकाश, जागेपणी चालावं, हाही धम्मच आहे. गुरुजींचं ताडासन नुसतं उभं राहायला शिकवतं. तुमच्या चपलेची टाच कुठल्या बाजूला झिजली ते घरी जाऊन बघा, म्हणजे कळेल की आपल्याला उभंसुद्धा राहता येत नाही!

आणखी एक धागा सांगतो. इंग्लंडचे तरुण बौद्ध धम्मचारी लोकमित्र १९७७ साली भारतात आले ते गुरुजींकडे योग शिकायला. वाटेत नागपूरला उतरले, तो नेमका धम्मदीक्षेचा एकविसावा वर्धापनदिन निघाला. दीक्षाभूमीवरचा जनसागर पाहून त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. १९७८ साली ते पुण्यात राहायला आले आणि त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचं काम उभं राहिलं. योगाच्या ओढीने निघालेला माणूस बाबासाहेबांच्या लेकरांपर्यंत पोचला.

आता शेवटचं. काहींची इच्छा होती की गुरुजींचा फोटो विहारात लावावा. त्यावर बरीच चर्चा झाली, थोडे रुसवेफुगवेही झाले. अखेर फोटो लावला नाही. तथागत आणि बाबासाहेब यांच्या शेजारी दुसरी जागा आपण करत नाही, आणि गुरूला हारात गुंतवून मोकळं होणं हेही बरं नाही. त्याऐवजी वर्गणी काढून सहा खुर्च्या, दोर आणि पट्टे आणले. ज्या उपासकांनी पहिला प्रश्न विचारला होता, ते आता रोज पहाटे पहिली खुर्ची मांडतात. गुडघा धरतो म्हणून स्वतः त्याच खुर्चीचा आधार घेतात, आणि नव्या माणसाला म्हणतात, "या, तुमच्यासाठीही आहे."

गुरुजींचं याहून मोठं स्मारक आम्हाला सुचत नाही. माता-भगिनींनो, उद्या पहाटे साडेपाचला या. साडी नेसून या, काठी घेऊन या, जशा असाल तशा या.

नमो बुद्धाय! जय भीम!