दातात भरलेले सिमेंट किती आकसते?
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी भाषेचा शिक्षक. तरीही आज विज्ञानाची एक लहानशी गोष्ट सांगण्याची परवानगी मागतो, कारण ती मला दंतवैद्याच्या खुर्चीवर शिकायला मिळाली.

नागपूरला मी दाढ भरून घेत होतो. डॉक्टर दाताच्या रंगाचा मऊ मसाला थोडा भरीत, त्यावर निळा प्रकाश टाकीत, पुन्हा थोडा भरीत. मला ब्रह्मपुरीची एसटी गाठायची होती. "एकदाच का भरून टाकत नाही?" मी विचारले. ते म्हणाले, "सर, हा घट्ट होताना आकसतो."

आपण ज्याला सिमेंट म्हणतो, तो हा मसाला म्हणजे कॉम्पोझिट. त्यात काचेसारखी बारीक पूड आणि राळ असते. अमेरिकेतील राफेल बोवेन यांनी अशा राळेचे पेटंट १९६२ साली घेतले. प्रकाश पडताच राळेचे सुटे रेणू एकमेकांना जोडले जातात. मैदानावर विखुरलेल्या मुलांना हात धरायला सांगितले की ती जवळ येतात आणि जागा कमी लागते, तसेच हे. पूड मात्र आकसत नाही.

उन्हाळ्यात आपल्या धानाच्या बांध्यांना भेगा पडतात, त्या पाणी उडून गेल्यामुळे. येथे काहीच उडून जात नाही. वजन तेच राहते, आकारमान घटते. मग मोजायचे कसे?

विद्यार्थ्यांनो, उत्तर तुमच्या पुस्तकात आहे. आर्किमिडीजचे तत्त्व! पदार्थ हवेत तोला, मग पाण्यात बुडवून तोला; घनता निघते. समजा घट्ट होण्यापूर्वी ती २.०० होती आणि नंतर २.०६ झाली, तर आकसणे सुमारे तीन टक्के. दुसऱ्या रीतीत मसाला पाऱ्यात ठेवतात आणि बारीक नळीतील पारा किती उतरला ते पाहतात. वॉट्स आणि कॅश यांनी १९९१ साली तिसरी रीत मांडली. जाड काच आणि अतिशय पातळ काच यांच्यामध्ये मसाल्याची चकती ठेवायची. ती आकसली की पातळ काच खाली ओढली जाते, आणि ती हालचाल यंत्र टिपते.

नेहमीच्या कॉम्पोझिटमध्ये हे आकसणे साधारण दोन ते तीन टक्के भरते. एवढ्याने काय होते, असे कोणी म्हणेल. पण जंतू असतो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची फट राहिली तरी त्याला तो दरवाजाच. फट पडली नाही, तर दाताच्या भिंतींवर ताण येतो. म्हणून डॉक्टर सुमारे दोन मिलिमीटरचे थर देतात. प्रकाश तळापर्यंत पोचावा आणि ताण कमी राहावा, हा त्यामागील हेतू.

पालकहो, मुलाचा दात भरताना डॉक्टरांना घाई करू नका. भरलेला दातही अधूनमधून दाखवून घ्या. ठणका लागेपर्यंत थांबू नका.

आणि मुलांनो, घरी वडीलधाऱ्यांसमोर वितळलेले मेण वाटीत थिजू द्या. मध्ये खळगा पडलेला दिसेल. तेथे आकसण्याचे कारण निवणे हे आहे, पण वजन तेच राहून आकारमान कसे घटते, ते तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहाल. मग शाळेत येऊन विज्ञानाच्या सरांना विचारा, "हे मोजायचे कसे?"

त्या दिवशी माझी एसटी चुकली. दाढ मात्र अजून शाबूत आहे.