सहलीच्या दिवशी मागे राहणारी मुले



परिसर अभ्यासाच्या तासास मुलांना वर्गाबाहेर न्यावे, हे सांगावयास मी येथे उभा नाही. ते आपण जाणता, आणि आपणांपैकी पुष्कळजण तसे करीतही आहेत. मला विचारावयाचे आहे ते एवढेच की, वर्ग बाहेर निघतो तेव्हा मागे कोण राहते?

शाळाभेटींत ही गोष्ट मी मुद्दाम पाहत आलो आहे. वर्ग ओढ्याकडे निघाला की पायाने अधू असलेला मुलगा दप्तरे राखावयास बसतो. दृष्टी नसलेल्या मुलीस, ‘तू कशाला उन्हात दमतेस, बाळ?’ असे मायेने म्हणून ओसरीवर बसविले जाते. धाकट्या भावास सांभाळणारी मुलगी त्या दिवशी शाळेतच येत नाही. ऊसतोडणीहून परतलेल्या मुलाचे नाव यादीत नसते, कारण यादी तो गावी नसताना झालेली असते. यांत दुष्टपणा कोणाचाच नसतो. तथापि हे रान, हे पाणी आपल्याकरिता नव्हे, एवढा धडा ही मुले कोणी न शिकविता शिकतात.

उघड्यावरचे पाणी आणि वाट सर्वांची असते, असे आपण सहज म्हणतो. ते इतके सहज कधीच नव्हते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावेत असा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलाने १९२३ साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेनेही पुढे चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी डॉ. आंबेडकर २० मार्च १९२७ रोजी सहस्रावधी लोकांसह तळ्यावर चालत गेले, तेव्हाच त्या पाण्यास हात लागला. कागदावर खुले असणे निराळे आणि पाय तेथवर पोहोचणे निराळे. परिपत्रके काढणाऱ्यांत मीही एक आहे, म्हणून हे अधिक जाणून आहे. दिव्यांग मुलांस खेळ व करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने मिळावी, असे २०१६ चा कायदा सांगतो. पण शाळेच्या दारापासून ओढ्यापर्यंतची वाट कायद्यास ठाऊक नसते. ती आपणांस ठाऊक असते.

आता डोळ्यांवाचून निसर्ग कसा कळावा, अशी शंका कोणी घेईल. नेदरलँड्समध्ये १९४६ साली जन्मलेल्या गीरात व्हर्मे यांची दृष्टी वयाच्या तिसऱ्या वर्षी गेली. पुढे त्यांचे कुटुंब अमेरिकेत न्यू जर्सी येथे आले. तेथे त्यांच्या चौथीच्या शिक्षिकेने फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरून आणलेले शंख-शिंपले वर्गात मांडून ठेवले होते. मुलाने ते हाती घेतले. लहानपणी चाचपलेल्या थंड किनाऱ्यावरील साध्या शिंपल्यांहून हे इतके गुळगुळीत आणि नक्षीदार का, हा प्रश्न त्यास पडला. तो मुलगा कॅलिफोर्निया विद्यापीठात नामांकित शास्त्रज्ञ झाला. खेकड्यांनी शंख फोडावयाचा यत्न केल्याच्या खुणा बोटांनी चाचपून, भक्ष्य आणि भक्षक यांची कोट्यवधी वर्षांची चढाओढ त्यांनी उलगडून दाखविली. त्या बाईंनी विशेष काय केले? शंख हाताशी येतील असे ठेवले आणि हात लावू दिला.

आपल्या शाळेच्या आसपास अशी सामग्री थोडी नाही. पारिजातकाचे पान कानशीसारखे खरखरीत, तर रुईचे मऊ, पिठूळ. मात्र रुईचा चीक डोळ्यांस अपाय करतो, म्हणून ते शिक्षकाने स्वतः धरून दाखवावे आणि नंतर हात धुववावेत. सागाचे कोवळे पान चुरडले की बोटे तांबडी होतात. निरगुडी आणि गवती चहा वासानेच ओळखू येतात. तांबटाची टुकटुक, भारद्वाजाचे घुमणे, पावशाचे ‘पेर्ते व्हा’ यांकरिता तर सर्वच मुलांस डोळे मिटावयास सांगावे. असा एक तास करून पाहा. ओसरीवर बसविलेली मुलगीच पुष्कळदा पहिली उत्तर देईल.

स्थळ निवडताना टेकडीचाच आग्रह नको. तीनचाकी सायकल जाईल अशा रस्त्याकडेचे एक वडाचे झाड वर्षभर पुरते. पाड्यावरून येणाऱ्या मुलास रानभाज्या आणि खेकड्यांची बिळे आपणांहून अधिक ठाऊक असतात. त्याने वाट दाखवावी आणि आपण मागून चालावे. मात्र त्याच्या घरी काय शिजते याची वर्गात चेष्टा होणार नाही, एवढे आधी पाहावे. मुलींच्या पालकांस आदल्या दिवशी भेटावे, दोन माता सोबत घ्याव्यात, आणि शौचालयाची सोय कोठे आहे ते निघण्यापूर्वी ठरवावे. धाकटा भाऊ आला तर येऊ द्यावा. त्याच्याने सहल बिघडत नाही.

एक व्यवस्था मात्र मी आग्रहाने सुचवितो. सहलीच्या नोंदीत उपस्थितांची संख्या आपण लिहिताच. तिच्या खाली न आलेल्या प्रत्येक मुलाचे नाव आणि कारण लिहावे. ‘पाय अधू’ हे कारण धरू नये. ‘बांधाची वाट अरुंद’ असे लिहावे; म्हणजे पुढील खेपेस दुसरी वाट शोधता येते, अथवा शाळा व्यवस्थापन समितीस सांगून तीच रुंद करून घेता येते. पावसाळ्यानंतरच्या शाळाभेटीत ते पान मी प्रथम मागेन.