कॉफीच्या पाण्यात धुतलेला रोल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. सभेत उभे राहून बोलण्याचा मला सराव नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही घरी फोटोचे रोल धुता म्हणे, तेच सांगा." म्हणून सांगते. 24 जानेवारी 2025 च्या स्फोटात आपल्या कारखान्यातली आठ माणसे गेली. तेव्हापासून जवाहरनगरात रसायन हा शब्द ऐकला तरी छातीत धस्स होते. तेव्हा आधीच सांगून टाकते, माझे रसायन म्हणजे कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्व.

काळ्यापांढऱ्या फिल्मवर चांदीच्या क्षाराचा थर असतो. त्यावर उजेड पडला की चित्र उमटते, पण ते डोळ्यांना दिसत नाही. ते दिसते करणारे पाणी म्हणजे डेव्हलपर, आणि पक्के करणारे पाणी म्हणजे हायपो.

घरात असले उद्योग बाईमाणसाने कशाला करावे, असे माझ्या जाऊबाई म्हणाल्या. त्यांना मी सरस्वतीबाई फाळक्यांची गोष्ट सांगितली. सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, 1899 साली मुंबईत कुस्तीचे चित्रण केले, तेव्हा ती फिल्म धुण्यासाठी विलायतेला पाठवावी लागली. दादासाहेब फाळके 1912 साली लंडनला जाऊन हे काम शिकून आले आणि दादरला राहत्या घरीच फिल्म धुऊ लागले. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. त्या काळी फिल्म कडेची भोके न पाडताच येई. अंधारात बसून ती भोके पाडायची, रसायने कालवायची, फिल्म धुवायची, हे सरस्वतीबाई करीत. शिवाय कंपनीच्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक! दागिने तर केव्हाच गेले होते. दादासाहेबांचे नाव झाले ते योग्यच झाले. पण रांधून-वाढून झाल्यावर रात्री रसायने ढवळणाऱ्या या बाईचे नाव आपल्यापैकी किती जणींनी ऐकले होते? जाऊबाई पुढे काही बोलल्या नाहीत.

आता कॉफीचे. 1995 साली अमेरिकेत रोचेस्टर येथे स्कॉट विल्यम्स नावाच्या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही कृती शोधली. कॉफीत कॅफेइक आम्ल असते, ते चित्र उमटवते. झोप उडवणाऱ्या कॅफिनचा येथे काही संबंध नाही. माझ्या मुलाने प्रमाण वाचून दाखवले, ते मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले. अर्धा लिटर पाण्याला सोडा 27 ग्रॅम, क जीवनसत्त्वाची पूड 8 ग्रॅम, झटपट कॉफी 20 ग्रॅम. आधी सोडा विरघळवायचा, मग पूड, शेवटी कॉफी. फेस बसू द्यायचा. वीस ग्रॅम कॉफी म्हणजे आमच्याकडचे दहा कप होतात, ते मला अजून जिवावर येते. चिकोरी मिसळलेली कॉफी घेऊ नये. सोडा धुण्याचाच हवा. तो नसेल तर खाण्याचा सोडा तव्यावर बराच वेळ भाजला की त्याचा धुण्याचा सोडा होतो. सोड्याचे खडे असतील तर त्यात पाणी असते, म्हणून ते अडीचपटीहून जास्त घ्यावे लागतात. वासाविषयी मात्र न बोललेलेच बरे. सासूबाई तेवढा वेळ अंगणात जाऊन बसतात.

पाणी वीस अंश असावे. भंडाऱ्याच्या मे महिन्यात हे कसे व्हायचे! मी थंडीतच करते. रात्री सगळे निजले की न्हाणीघरात दिवा मालवून फिल्म डब्यात गुंडाळायची, झाकण घट्ट लावायचे. मग दिवा लावायला हरकत नाही. पंधरा मिनिटे कॉफीत, मध्ये मध्ये डबा हलवायचा. नंतर साधे पाणी, मग हायपो. हायपो विकतच आणावा. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, तो झाडाला किंवा विहिरीजवळ ओतू नये.

हे सगळे मी का शिकले, तेही सांगते. 1984 साली आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. तिचा एकही फोटो घरात नव्हता. बाबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत आगफा क्लिक कॅमेरा निघाला, आणि आत उटीच्या कारखान्यातला 'इंदू' रोल. तो कारखानाही आता बंद झाला. एका दुकानदाराने रोल हातातही न घेता सांगितले, "बाई, हा आता कोणी धुवत नाही, टाकून द्या." मी टाकला नाही. दोन हिवाळे नवे रोल आणून हात बसवला. जुनी फिल्म आपोआप काळवंडते. त्यासाठी पाण्यात पाच ग्रॅम आयोडीनचे मीठ घातले, म्हणजे काळेपणा आवरतो.

बारापैकी तीन चित्रे आली. एकात नुसती बैलगाडी. एकात बाबांची सायकल. तिसऱ्यात वैनगंगेच्या काठी एक बाई उभी, कडेवर मूल, ऊन चुकवायला पदर कपाळावर ओढलेला. चेहरा अर्धाच दिसतो. मी तो सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "हनुवटी तुझीच गं."

कोणाकडे असा जुना रोल पडून असेल तर डिसेंबर-जानेवारीत घेऊन यावे. डबा माझ्याकडे आहे, हायपोही देईन. कॉफी मात्र ज्याची त्याने आणावी.